उपरण्याखालचा समुद्र

“बाजूले सरक रे बावा, ओला होशीन!”

पडद्याआड बसून मी हे ऐकलं आणि बाहेर डोकावले. चैत्र सरत आला होता. अमरावतीच्या दुपारी ओलं होण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. बंगल्याच्या व्हरांड्यातल्या रांजणाचासुद्धा तळ दिसत होता. बाकावर पुंजाजीदादा बसले होते, मांडीवर कापसाच्या नमुन्याचं गाठोडं. समोर साहेबांचा पट्टेवाला भिंतीवरच्या तसबिरीला टेकून उभा होता. त्यानं मागं पाहिलं, छताकडे पाहिलं, मग कुडत्याची पाठ चाचपली.

“कोरडी हाय न दादा.”

“आता हाय. लाट येऊ दे.”

पट्टेवाला दोन पावलं बाजूला झाला. दादांनी डोक्यावरची पगडी काढून शेजारी ठेवली आणि तसबिरीकडे तोंड करून, भर उन्हाळ्यात, अंगावर घोंगडी ओढून घेतली.

ती तसबीर साहेबांच्या बाईंनी स्वतः काढलेली. कागदावर पाण्याच्या रंगांत, वरून काच. त्यांच्या गावच्या बंदरातली पहाट. पाणी करडं आणि वरचं धुकंही करडं. एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळू नये असं. जवळची होडी शीड उतरवून स्वस्थ पडलेली, तिच्यामागे दुसरी पुसट, आणि तिसरी इतकी पुसट की ती आहे असं म्हणायला जरा धीर लागावा. मला ती फार आवडायची. पण मला काय आवडतं हे मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

माझे वडील या इंग्रज कापूस-साहेबांकडे दुभाषी होते. आमचं घर ख्रिस्ती झालेलं, त्यामुळे माझं लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकलं नाही आणि मी मुंबईच्या मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकले. तिथं बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायची सवय लागली. तपासून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. शाळा संपवून अमरावतीला वडिलांकडे परत आले तेव्हा साहेबांच्या बाईंना मराठी शिकवायचं काम मला मिळालं. शिक्षिका बोलत नसल्यामुळे विद्यार्थिनीची प्रगती बेताचीच होती.

पुंजाजीदादा आमचे शेजारी. दोन घरांमध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण होतं. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. त्यांच्या फटींतून एका घरचं दुसऱ्या घरी सगळं ऐकू यायचं आणि बरंचसं दिसायचंही. दादा कापसाचे दलाल. शेतकऱ्याचा कापूस साहेबाला किंवा शेठजीला दाखवायचा, भाव जुळवायचा. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसत, पण पाणी स्वतःच्या तांब्यातलं पीत. वडिलांना म्हणत, “दुभाषीबुवा, धर्म तुमचा, तहान माही. दोन्ही आपापल्या भांड्यात बरे.”

तेव्हा दलालांचे दिवस फार चांगले होते. समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी मुलखात भावाभावांची लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि सगळी विलायत वऱ्हाडाकडे तोंड करून उभी होती. दादा म्हणायचे, “लढाई त्यायची, घुंगरं आपल्या बैलायले.” आणि खरोखरच रस्त्यानं गाडी चालली की लग्नाची वरात चालली आहे असं वाटे. तेल्हाऱ्याकडच्या एका पाटलानं त्या वर्षी भिंतीवरची घड्याळं घेतली, ती एकाच खोलीत ओळीनं लावली. प्रत्येकात निराळे वाजलेले. पाहुण्यांना म्हणायचा, “ज्याले जी येळ पायजे थे घ्या.” दादांना ती मुद्दाम दाखवायला नेलं. दादांनी सगळी घड्याळं नीट पाहिली आणि म्हणाले, “खोट हाय. एकबी आरवत नाई.”

“खोट हाय” हे दादांचं आवडतं वाक्य. दलालीत मालाची तारीफ केली की भाव चढतो. म्हणून हवा असलेला माल नेहमी पाडून बोलायचा. सगळेच दलाल हे बाजारात करत. दादा मात्र बाजारातून घरी आले तरी तसेच बोलत. पुतण्याला मुलगी बघायला गेले, मुलगी सुरेख होती, सगळ्यांना पसंत पडली. दादा म्हणाले, “पाय लहान हायेत. वाऱ्यात उडन.” देवळावर नवा कळस चढला तेव्हा म्हणाले, “इतका वर काहून ठेवला? हातात घेऊन पाह्यता येत नाई.” एकदा पहाटे ओसरीवर उभं राहून सूर्य उगवताना पाहिला. शेजारी माझे वडील होते. सूर्य पुरता वर आल्यावर दादा म्हणाले, “बरा हाय. पन रोज एकाच बाजूनं येते.”

दुसरी सवय उपरण्याची. आमच्याकडच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून बोलतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. तोंडं चाललेली असतात ती पावसाबद्दल, बैलांबद्दल. दादांना हे बोलणं इतकं जडलं होतं की दुसऱ्या कुठल्या बोलण्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. न्हावी आला की आधी त्याचा हात उपरण्याखाली. परटाचा तसाच. एकदा ताप आला म्हणून वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहायला मनगट धरलं, तर दादांनी सवयीनं वरून उपरणं टाकलं.

वैद्यबुवा डोळे मिटून म्हणाले, “नाडी जलद आहे.”

दादा म्हणाले, “कमी करा.”

वैद्यबुवा म्हणाले, “ते औषधानं होईल.”

“औषध वेगळं नाई. थे बी याच्यातच आलं,” दादा म्हणाले आणि बोटं दाबत राहिले. शेवटी वैद्यबुवांनी हात सोडवून घेतला. त्या दिवसापासून ते दादांची नाडी लांबून, चेहरा पाहून सांगू लागले.

दादांच्या बायकोचं नाव गिरजाबाई. सगळे गिरजामाय म्हणत. ठेंगणी, सावळी, आणि हसताना तोंडावर पदर घेणारी. तिच्याशी बोलायला मला वाक्य तपासावं लागत नसे, कारण बोलायचं काम तीच करायची. मी कुंपणाच्या अलीकडे शिवण घेऊन बसले की पलीकडून मिरच्या निवडता निवडता ती सुरू व्हायची.

एकदा मी पाहिलं. दादा ओसरीवर जेवत होते. भरीत, कळण्याची भाकर. पहिल्या घासालाच म्हणाले, “खोट हाय. वांगं जून होतं.” सगळं ताट पुसून खाल्लं. गिरजामाय ताट उचलायला वाकली तेव्हा दादांचं उपरणं खांद्यावरून घसरलं आणि ताटावरच्या तिच्या हातावर पडलं. पापणी लवेपर्यंत तसंच राहिलं. मग दादा चूळ भरायला गेले.

गिरजामाय ताट घेऊन कुंपणाशी आली. माझी नजर तिनं पाहिली होती.

“काय पाह्यतं वो बाई?”

मी मान हलवली.

“लगन झालं तवापासून माह्या सैपाकात खोटच हाय,” ती म्हणाली. “तोंडानं कवा बरं म्हणन थो मानूस? पन कापडाकडं पाह्यत जाय. कापड सांगते. एक बोट दाबलं मंजे बिघडलं. तीन मंजे चालते. पाची बोटं दाबले,” आणि इथं तिनं तोंडावर पदर घेतला, “पाची मंजे याच्यापुढं माल नाई.”

“आज?” मी विचारलं.

तिनं ताट काखेत धरलं आणि पदराखाली आपला हात झाकून मला वरून दाखवला. पातळ कापडावर पाच उंचवटे उठले.

तेव्हापासून मला तो छंद लागला. दादा तोंडानं काय म्हणतात ते ऐकायचं आणि उपरण्याकडे पाहायचं. दोन्ही कधी जुळत नसत.

गिरजामायला एक प्रश्न पडलेला होता. आपला कापूस जातो कुठं? गाड्या भरून पश्चिमेकडे जातात, पुढं आगगाडी, पुढं मुंबई, आणि मग समुद्र. हा समुद्र असतो कसा? तिनं पाणी पाहिलं होतं ते विहिरीचं आणि पावसाळ्यातल्या नाल्याचं. गाडीवान परत आले की दादा त्यांना गाठून विचारत. गाडीवान आगगाडीपलीकडे कधी गेलेच नव्हते. पण नाही कसं म्हणायचं? एकानं सांगितलं, समुद्र पांढरा असतो, आपला सगळा कापूस त्यात भिजतो म्हणून. मूर्तिजापूरकडच्या दुसऱ्यानं सांगितलं, तो दिवसा चढाला जातो आणि रात्री उताराला येतो. दादा म्हणाले, “मंग बैल लय दमत असतीन.”

मी मुंबईहून आले तेव्हा दादा त्याच संध्याकाळी ओसरीवर हजर.

“पोरी, तू त समुद्र पाह्यला असशीन. कसा असते?”

मी वाक्य जुळवू लागले. शाळेच्या भिंतीपलीकडे तो रोज दिसायचा. संध्याकाळी त्याच्यावर येणारा रंग, शीड फिरवताना होडी क्षणभर थबकते ते, खारा वास. सगळं एकदम घशाशी आलं आणि त्यातलं एकच बाहेर पडलं.

“मोठा असतो.”

“आन्?”

दादांनी थोडा वेळ वाट पाहिली, तांब्या उचलला आणि निघून गेले. मला फार ओशाळवाणं झालं. पण मग कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला.

“भल्ला मोठा हाय, गिरजे. त्या पोरीले बोलताच नाई आलं, इतका मोठा.”

“खरंच?” गिरजामाय म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की माझं ओशाळणं तिथंच संपलं.

त्यापुढच्या पौषात गिरजामाय तापानं गेली.

दादा दहाव्या-बाराव्यानंतर पुन्हा बाजारात दिसू लागले. बोटं पूर्वीसारखीच चालत होती, तोंडात “खोट हाय” होतंच. घरी आता पुतण्याची बायको वाढायची, तीच ती लहान पायांची. चांगली करायची बिचारी. दादा जेवत, उठत, चूळ भरत. स्वयंपाकात खोट काढत नसत. उपरणं खांद्यावर घडी घालून जसंच्या तसं असायचं.

आणि मग चैत्रात बाईसाहेबांनी ती तसबीर आतल्या खोलीतून काढून व्हरांड्यात, दलाल लोक साहेबांची वाट पाहत बसतात तिथं लावली. आत तिला वाळवी लागेल अशी त्यांना भीती होती. साहेब त्या चित्राला “ओला रुमाल” म्हणत, त्यामुळे ते बाहेर गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं.

दादांनी ती पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला आठवतो. ते जवळ गेले, नाक काचेला लागेपर्यंत गेले, आणि कोपरान् कोपरा शोधू लागले.

“बैल कुठं हायेत?” त्यांनी पट्टेवाल्याला विचारलं.

“नावा हायेत थ्या, दादा. पान्यावर चालतात.”

“थे समजलं. ओढते कोन?”

“कोनीच नाई. वारा.”

दादा मागं सरले. “मंजे वैरन नाई,” ते स्वतःशी म्हणाले. मग धुक्यावर बोट ठेवून विचारलं, “आन् हा इतका कापूस काहून उडून राह्यला? गाठोडं फुटलं का?”

“धुकं हाय थे.”

“खोट हाय,” दादा म्हणाले, आणि दुपार उतरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांना त्या चित्रासमोर गार वाटू लागलं. थट्टा नव्हती ती. बाहेर ऊन असं की बाजारात माणसं सावली शोधत भिंतीला चिकटून चालत, आणि दादा घोंगडी पांघरून बाकावर. कुणी चिलीम पेटवली की म्हणायचे, “इथं नाई. धुकं वाढते.” पट्टेवाला आधी हसायचा. मग एकदा तोही शेजारी बसला आणि थोड्या वेळानं त्यानं हात अंगाशी आवळले. पाहता पाहता बातमी पसरली. अकोल्याहून आलेले दलालही आधी “मडमच्या पान्याजवळ” बसून मग साहेबांना भेटू लागले. बाक पुरेना, तेव्हा वयानं मोठा जो असेल त्यानं मध्यभागी, होडीच्या समोर बसायचं असं ठरलं. दादांनी आपलं वय त्याच आठवड्यात वाढवून घेतलं.

कुणी विचारलं, “कशी हाय तसबीर?” की दादा म्हणत, “खोट हाय. पान्यात दम नाई.” आणि घोंगडी घट्ट करत.

बाईसाहेब खिडकीतून हे पाहत. एकदा त्यांनी मला विचारलं, “तो म्हातारा रोज इतका वेळ काय पाहतो?” मी उत्तर तयार करत होते, तोवर चहा आला.

वैशाखाच्या शेवटी साहेबांचं विलायतेला परत जायचं ठरलं. खूप मिळवलं होतं. आता पुरे म्हणाले. टेबलं, खुर्च्या, पलंग, सगळं अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं उचललं. बाईसाहेबांनी एकच वस्तू वेगळी काढली. ती तसबीर त्यांना इथंच कुणाला तरी द्यायची होती. “विकायची नाही,” त्या मला म्हणाल्या. “ज्याला खरोखर आवडली असेल त्याला द्यायची. असा कुणी असला तर.”

हे मी दादांना सांगायचं ठरवलं. दिवसभर वाक्य तपासलं आणि संध्याकाळी कुंपणाशी जाऊन एका दमात म्हणून टाकलं. “दादा, तसबीर विकायची नाही, ज्याला आवडली असेल त्याला बाईसाहेब ती उद्या सकाळी देणार आहेत, तुम्ही या आणि आवडली म्हणून सांगा.”

दादा माझ्याकडे पाहून हसले. “पोरी, तू बाजारातली नाईस. फुकट म्हननारा सगळ्यात महाग विकते. आवडली म्हनलं की गेलो आपन.”

“पण दादा, खरंच —”

“खाली पाडूनच बोलावं लागते. मी पाह्यतो.”

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हातात पऱ्हाटीची एक काडी होती, दोन्ही टोकांना नखानं नीट तोडलेली. त्यांनी ती पाठीमागं लपवली; पण लपवायला उशीर झाला होता. ओसरीच्या आत, चुलीच्या वाटेवर, गिरजामाय दिवा ठेवायची तो कोनाडा होता. तिथला दिवा काढून कोनाडा सारवलेला होता, माती अजून ओली होती.

“चौकट बसन,” दादा म्हणाले. “मापून पाह्यली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात खोक्यांची रांग होती. साहेब आणि माझे वडील शेवटच्या गठ्ठ्यांसाठी अकोल्याला गेलेले, त्यामुळे दुभाषी म्हणून मी. दलाल लोक निरोप द्यायला आले होते. आणि चिंतोपंत आले होते. चिंतोपंत हे साहेबांचे पुण्याकडून आलेले कारकून. दादांच्या नेमके उलट. त्यांना सगळंच अप्रतिम वाटायचं. साहेबांच्या टांग्याचा आस मोडला तेव्हासुद्धा, “वा! काय सरळ मोडलाय!” म्हणाले होते. त्या सकाळी पट्टेवाल्याच्या कानाशी लागून ते म्हणाले ते मी ऐकलं. “काच एकसंध आहे, चौकट शिसवी. आतला कागद काढून टाकला की साहेबांनी मला दिलेलं शिफारसपत्र बरोबर बसेल.”

बाईसाहेबांनी तसबीर भिंतीवरून काढून हातात घेतली. चिंतोपंत लगेच पुढं झाले आणि इंग्रजीत सुरू झाले. अप्रतिम, अलौकिक, असा हात पाहिला नाही. बाईसाहेब ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे चिंतोपंतांच्या खांद्यावरून बाकाकडे लागले होते.

“त्यांना विचार,” त्या मला म्हणाल्या. “ते रोज पाहतात. त्यांना कशी वाटते?”

मी दादांना विचारलं. दादा उठून उभे राहिले. काडी कमरेला खोचलेली होती. घसा साफ केला. चेहरा बाजारातला.

“सांग मडमले, खोट हाय. पानी गढूळ. नावा वाकड्या. आन् मधी त जागा रिकामीच सोडली, रंग सरला असन. चौकट बरी हाय.”

मी हे इंग्रजीत कसं सांगू याचा विचार करू लागले. चिंतोपंतांना विचार करावा लागत नसे. त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं आणि पदरचं थोडं घातलं.

बाईसाहेबांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. “बरोबर आहे त्यांचं,” त्या हळूच म्हणाल्या. “पाणी मला कधी जमलंच नाही.” आणि त्यांनी तसबीर चिंतोपंतांच्या हातात दिली.

चिंतोपंतांनी ती घेतली, उलटी. होड्या आभाळाला लोंबकळू लागल्या. दलाल लोक इकडं तिकडं पाहू लागले. दादा मात्र हलले नाहीत. चेहरा तसाच, लिंपलेल्या भिंतीसारखा. पण त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं होतं, उजव्या हातावर येऊन पडलं होतं, आणि त्याच्याखाली काहीतरी हलत होतं. पौषापासून बाजाराबाहेर मी ते कापड घडीतच पाहिलं होतं. समोर कुणीही नव्हतं. पलीकडून हात द्यायला कुणीही नव्हतं. आत बोटं मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती, आणि पातळ कापडावर पाच उंचवटे उठत होते.

“नाही!”

हे मी म्हणाले होते. न तपासता.

मग मला थांबता येईना. बाईसाहेबांना मी इंग्रजीतून सांगत सुटले. की आमच्याकडे ज्याला माल हवा असतो तो कधी चांगला म्हणत नाही. खरं बोलणं कापडाखाली असतं. या माणसाला तुमच्या चित्रासमोर थंडी वाजते. याच्या घरी एक बाई होती, तिला समुद्र पाहायचा होता, आणि यानं तिच्या दिव्याच्या कोनाड्याचं माप घेऊन ठेवलंय, ती काडी त्याच्या कमरेला आहे. व्याकरण कुठल्या कुठं गेलं. शाळेतल्या बाईंनी ऐकलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं.

“अगं मुली,” चिंतोपंत म्हणाले, “मोठ्यांच्या मध्ये असं —”

“तुम्ही तसबीर उलटी धरली आहे,” मी त्यांना मराठीत सांगितलं. “आणि आतला कागद टाकून देणार आहात.”

हे तेवढं बाईसाहेबांना माझ्या भाषांतराशिवाय कळलं असावं. त्यांनी चिंतोपंतांच्या हातून तसबीर काढून घेतली आणि माझ्याकडे दिली. मग त्या दादांकडे पाहत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं, माणसं कापडाखाली हात धरून पावसाच्या गप्पा मारतात. एकदा मलाही करू द्या म्हणून त्या साहेबांच्या मागं लागल्या होत्या, आणि साहेब खूप हसले होते.

आता साहेब नव्हते. बाईसाहेब सरळ चालत गेल्या आणि दादांच्या उपरण्याखाली त्यांनी आपला हात घातला.

पट्टेवाल्यानं डोळे मिटून घेतले. चिंतोपंतांना पहिल्यांदाच काही अप्रतिम वाटेना. दादांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या होड्यांकडे पाहिलं.

“मडम हाय न बापा ही,” ते पुटपुटले.

बाईसाहेबांनी हात काढला नाही.

“खोट...” दादांनी सुरू केलं. त्यांच्या तोंडून ते वाक्य अर्धं राहिलेलं मी तेव्हाच ऐकलं. मग कापड हललं. एक उंचवटा उठला. थांबला. दादांनी डोळे मिटले, आणि बाकीचे सगळे एकदम उठले आणि तसेच राहिले, बाजारात राहतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

बाईसाहेबांनी वळून मला विचारलं, “काय म्हणाले ते?”

तसबीर मी छातीशी धरली होती, होड्या सरळ. समोर सगळी पुरुष माणसं, ज्यांनी माझा आवाज त्या सकाळपर्यंत ऐकला नव्हता. इंग्रजीत सांगायचं होतं. पण त्याला इंग्रजी शब्द नव्हता, शाळेतल्या मराठीतही नव्हता. मला तो कुंपणातून मिळाला होता, आणि तिथपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी तो म्हटला:

“पाची बोटं देऊन राह्यले, बाईसाहेब! याच्यापुढं माल नाई!”